चक्कर नेहमी पित्ताचीच नसते

एका आजोबांना सकाळी चहा घेताना अचानक गरगरले, उलट्या झाल्या. घरच्यांनी पित्त समजून लिंबूपाणी दिले. माझ्याकडे आणले तेव्हा दुपार उलटली होती. हातापायांत ताकद पूर्ण होती, म्हणून क्षणभर मीही फसलो; पण उभे करताच ते एका बाजूला कोसळू लागले. तो लहान मेंदूचा पक्षाघात होता.

डोक्याच्या मागच्या भागातला हा मेंदू तोल सांभाळतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला की अंग लुळे पडतेच असे नाही, तोल मात्र जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून अचानक चक्कर येऊन आधाराशिवाय उभे राहता येत नसेल, तर पित्त उतरायची वाट पाहू नका. लगेच मोठे रुग्णालय गाठा.