नळदुर्गचा टेलरसाहेब आणि त्याची मडम

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की एस. टी. तासाभरात नळदुर्गला सोडते. श्रावणात आम्ही उभयता तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. बोरी नदीला पाणी आले आहे असे कळले, म्हणून परतताना वाट वाकडी करून किल्ल्यात शिरलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने येथे नदीला बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरली की ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे बाहेर कोसळत असतात आणि आपण आत कोरडे उभे!

त्या आवाजात मी ओरडून सौ.ला सांगत होतो, "१८५३ पासून चार वर्षं या मुलखाचा कारभार मेडोज टेलरकडे होता. तुळजापूरच्या ब्राह्मण मुलीवर त्यानं ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली."

"आणि त्याची बायको? तीही इथंच राहायची का?"

मला उत्तर देता येईना. बुरूज, तोफा, सनावळ्या सारे पाठ. पण हे कधी मनातच आले नव्हते. घरी आल्यावर पुस्तके काढली.

टेलर १८२४ साली पोरवयात मुंबईस आला, तो एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करायला. व्यापारी निघाला कफल्लक! मग वशिल्याने निजामाच्या फौजेत जागा मिळाली. १८३२ साली त्याने मेरी पामरशी लग्न केले. तिचे वडील विल्यम पामर हे हैदराबादचे बडे सावकार. निजाम सरकारला फौजेच्या पगारासाठी ते कर्ज देत. इंग्रज रेसिडेंट मेटकाफची त्यांच्यावर खप्पा मर्जी झाली आणि पेढी बुडाली. गंमत पाहा, ज्या फौजेसाठी सासऱ्याने पैसे पुरवले, त्याच फौजेत जावई चाकरीला. आणि पुढे त्याच फौजेच्या थकलेल्या खर्चापायी निजामाला १८५३ साली वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा लागला. तो मुलूख सांभाळायला आला हाच जावई. मेरी मात्र आली नाही. ती त्याआधीच वारली होती.

टेलरचे आत्मचरित्र त्याच्या मागे, १८७७ साली, मुलीने छापले. त्यात शिकारी आहेत, ठग आहेत, शोरापूरची राणी तर पानोपानी आहे. बायको मात्र थोडक्यात आटोपली आहे. मला ते खटकले.

मेरीची आजी तर आपल्या अधिकच जवळची. फैज बक्ष ही खानदानी मुसलमान बाई. जनरल पामरशी तिने संसार केला, आणि हा पामर म्हणजे १७९८ पासून पेशवाईत पुण्याला असलेला इंग्रज रेसिडेंट. नाना फडणीस वारले तेव्हा मराठी राज्यातले शहाणपण त्यांच्याबरोबर गेले असे कळवणारा तोच. पामरने मृत्युपत्रात फैजचा उल्लेख तीस वर्षांहून अधिक काळाची सोबतीण म्हणून केला. ती १८२८ साली हैदराबादला वारली. टेलरला आत्मचरित्रात दोन ओळींत उरकता आले, ते सासऱ्याला जमले नसते. त्याची आई कोण हे हैदराबादेत सर्वांना ठाऊक होते.

परवा सौ. चकल्या पाडत होती. मी तिला हे सारे सांगितले आणि एका पुस्तकातले चित्र पुढे धरले. मूळ चित्र लंडनला आहे, अर्धवटच राहिलेले. लाल कोटातला पामर, शेजारी फैज, मांडीवर तान्हे मूल. आणि जवळ उभा असलेला लहानगा विल्यम, म्हणजे मेरीचा बाप.

सोऱ्या हातात तसाच धरून तिने चित्र निरखले.

"ही बाई पुण्याला राहिली होती म्हणता?"

"हो."

"आणि हिच्या नातजावयाच्या किल्ल्यात आपण भिजून आलो!"

"भिजलो कुठं? पाणीमहालात कोरडेच होतो."

"तुम्ही कोरडे होता. मी खिडकीशी उभी होते," ती म्हणाली. एवढ्यात कढईतल्या चकल्या करपल्याचा वास आला.