जामखेड : नातवंडे राखणारा मुलूख

अहिल्यानगरहून आग्नेयेस निघालेला रस्ता सुमारे ७५ किलोमीटरांवर जामखेडला पोहोचतो. बालाघाटाच्या डोंगररांगांलगतचा हा अवर्षणग्रस्त प्रदेश. पाऊस बेभरवशाचा, जमीन बरीचशी हलकी, आणि शिवारात ज्वारी व तूर. वाचकहो, इतिहासाची आवड असेल तर आपण खर्ड्याचा किल्ला पाहाल. १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ती याच परिसरात. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडीही याच तालुक्यात आहे. परंतु या भूमीची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर पाय वळवावेत ते लहान गावांकडे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येथे आले. त्या काळी या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. पुढच्या पंचवीस वर्षांत प्रकल्पाच्या गावांत हे प्रमाण तिशीच्या खाली आले. हा पालट केवळ रुग्णालयाने घडवला नाही. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले गेले. त्या घरोघर जाऊन मुलांची वजने करीत, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी द्यायला शिकवीत, गरोदर स्त्रीची विचारपूस करीत. विंधनविहिरी दलित वस्तीत घेतल्या गेल्या, तेव्हा पाण्यासाठी सारे गाव तेथे येऊ लागले. आजार औषधाच्या अभावी जितका होतो, तितकाच पाणी, अन्न आणि मान यांच्या अभावी होतो, हे या गावांनी दाखवून दिले. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. आज गावोगावी दिसणाऱ्या ‘आशा’ ताईंच्या कामामागेही हाच विचार आहे.

मात्र कथा येथे संपत नाही. दसरा-दिवाळी उलटली, की या भागातील आणि शेजारच्या आष्टी-पाटोद्याकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत पुढचे पाच-सहा महिने जातात. शाळेचे वर्ष मात्र जूनला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर संपते. म्हणजे सोबत गेलेल्या मुलाचे निम्मे वर्ष बुडते. मोठी बहीण असेल तर धाकट्याला सांभाळण्यात तिची शाळा कायमचीच सुटते.

हिवाळ्यात आपण अशा गावी गेलात तर ओट्यांवर म्हातारी माणसे आणि अंगणात मुलेच अधिक दिसतील. मुलांना गावीच राहून शिकता यावे म्हणून शाळांमार्फत हंगामी वसतिगृहे चालवली जातात, तेथे दोन वेळच्या जेवणाची सोय असते. तरीही रात्रीची कूस, तापातले उशाशी बसणे आणि सकाळी दप्तर हाती देणे हे आजी-आजोबांच्याच वाट्याला येते. त्यांच्या गुडघ्यांवर एका पिढीचे शिक्षण उभे आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

आपल्याही घरी नातवंडे आपल्या हाती सोपवलेली असतील. या गावांकडून घेण्याजोग्या काही गोष्टी अगदी साध्या आहेत. बाळाचे वजन दरमहा अंगणवाडीत करून घ्यावे; वजन वाढत नसेल तर ती पहिली सूचना समजावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाबरोबर घट्टसर वरण-भात, तेल-तूप घातलेली खिचडी, नाचणीची खीर, उकडलेले अंडे असा मऊ आहार द्यावा. बाळाचे पोट लहान, म्हणून थोडे थोडे पण अनेकदा भरवावे. जुलाब लागल्यास जलसंजीवनी द्यावी, अंगावरचे दूध थांबवू नये. जलसंजीवनीची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. मूल मलूल झाले, पाणीही पिईना, तर वाट पाहू नये. आणि आईसोबत तान्हे बाळ बाहेरगावी निघाले, तर लसीकरणाचे कार्ड तिच्या पिशवीत आठवणीने ठेवावे. लस कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात मिळू शकते.

एक विनंती सांभाळणाऱ्यांसाठीही. नातवाला आधी वाढून आपण उरलेसुरले खाणे, स्वतःची रक्तदाबाची गोळी ‘उद्या आणू’ म्हणून टाळणे, हे प्रेमापोटी घडते. परंतु आधाराचा खांबच खचला तर छप्पर कशावर राहणार? नातवंडाच्या वजनाच्या दिवशीच आपलाही रक्तदाब तपासून घ्यावा. ताट दोघांचे एकाच वेळी वाढावे. फडावरून परतणाऱ्या आईला तिचे मूल वर्गात बसलेले आणि सासूबाई हिंडत्या-फिरत्या, अशी दोन्ही माणसे धडधाकट भेटायला हवीत.