पट्टी कोणाची?

युगुलगीत म्हटले की आपल्याला शब्द आठवतात, चाल आठवते. ते कोणाच्या पट्टीत गायले जाते हे मात्र आपण सहसा विचारत नाही. मीही पुष्कळ वर्षे विचारले नव्हते.

आमचे घर सुरतेला, लिंबायतमध्ये. बाबा अमळनेरकडचे. भुसावळ-सुरत गाडीने लूमच्या कामासाठी आले आणि तिथलेच झाले. लिंबायत-उधन्यात आमच्यासारखी खानदेशी घरे पुष्कळ. आमच्या गल्लीच्या गणपतीत दरवर्षी एक गाणे ठरलेले असे : आईबाबांचे ‘मी डोलकर’.

आम्हा खानदेशी माणसांचा दर्याशी संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडची तापी सुरतेपाशीच समुद्राला मिळते, एवढे नाते बाबांना पुरे होते. शिवाय ते म्हणत, ‘‘लिहिणाऱ्या शान्ताबाई शेळके इंदापूरच्या, गाणारे हेमंतकुमार बंगाली. ते कोळी झाले, मग आपण का नाही?’’ चाल हृदयनाथ मंगेशकरांची आणि हेमंतकुमारांच्या जोडीला लताबाई.

या गाण्याचा ठेका सहा मात्रांचा, झुलता. वल्हे ओढावे आणि सोडावे, तशी त्याची लय. बाबांचा जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला. ते हमखास घाई करायचे. मी पेटीवरून डोळे वटारले की होडी पुन्हा पाण्यावर यायची. लयीचा दोष असा लगेच ऐकू येतो. पट्टीचा दोष येत नाही.

बाबांची पट्टी काळी एक. पुरुषांना ती सोयीची. बायकांना बहुधा काळी चार लागते. पेटीवर मोजले तर मध्ये सात स्वरांचे अंतर. चांगला संगीतकार षड्ज एकच ठेवून त्याला खालून आणि तिला वरून फिरवतो. पण ते गळे वेगळे! आमच्याकडे बाबांच्या काळी एकमध्ये आईचे खालचे स्वर नुसते हवेत विरत. लोक म्हणत, ‘‘भाऊंचा आवाज काय खणखणीत! वहिनी जरा दबून गातात.’’ आई हसून सोडून देई.

एकदा सुट्टीत घरी गेले होते. आई भाकरी थापताना तेच गाणे गुणगुणत होती. सहज पेटीवर सूर लावून पाहिला, तर काळी चार. आवाज कसा भरदार, मोकळा! मी थक्क झाले. गाण्यातला तो स्वतःला दर्याचा राजा म्हणवतो, तशी तीही कोळीवाड्याची राणी असल्याचे ठसक्यात सांगते. बरोबरीची थट्टा आहे ती. तिचाच आवाज बुडाला तर थट्टा कसली? उरते ती एकट्या राजाची बढाई. गाण्याचा सगळा भावच बदलतो.

गेल्या गणपतीत मी कोणाला न सांगता पांढरी चारचा सूर धरला. तो बाबांना चार स्वर उंच, आईला तीन स्वर खाली. बाबांनी चमकून माझ्याकडे पाहिले, पण गाऊ लागले. आईचे कडवे आले आणि मांडव एकदम शांत झाला. शेवटी शेवटी वरच्या जागेला बाबांचा आवाज चिरकला. ते थांबले. ती ओळ आईने एकटीने पुरी केली. टाळ्या पडल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भर मांडवात वडिलांचा आवाज मी फोडला होता.

घरी येईपर्यंत बाबा बोलले नाहीत. मग जिन्यात थांबून आईला म्हणाले, ‘‘इतकी वर्षं तू खाली उतरून गात होतीस. सांगितलं का नाहीस?’’

आई म्हणाली, ‘‘तुम्ही विचारलंत कधी?’’

यंदा गणपतीच्या आधी वसतिगृहातून फोन केला. ‘‘बाबा, पट्टी कोणती धरू?’’ पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्यांचा आवाज आला, ‘‘थांब हं, तुझ्या आईला विचारतो.’’