पऱ्हाटीचा पंप परसातल्या कोबीवर नको

पावसाळा ओसरला की आपल्या वऱ्हाडात परसबागेची आठवण होते. न्हाणीचे पाणी जाते तिथे वांगी, टमाटे, मिरच्या आणि सोबत पत्ताकोबीची वीस-पंचवीस रोपे लागतात. कृषी विस्ताराच्या नोकरीत गावोगाव हिंडलो, त्यामुळे कुणाच्या घरी गेलो की माझी नजर आधी परसाकडे जाते. मग घरची बाई विचारते, "साहेब, पानायले भोकं पडले. पऱ्हाटीचं औषध उरलं हाये, ते मारलं तं चालन काय?"

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की आज त्याचे उत्तर सविस्तर देतो.

मुळीच चालणार नाही. कोबीचे आपण पानच खातो आणि फवारा पडतो तोही पानावरच. आंतरप्रवाही औषध तर पानात भिनते, ते धुऊन जात नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून बंदी आहे, ती याचसाठी. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेच विष लेकरांच्या ताटाजवळ कशाला आणायचे? धुतलेला पंपसुद्धा परसात नेऊ नका.

मग अळीचे काय करायचे? पंचवीस रोपांना पंप लागतच नाही. रोज सकाळी पाने उलटून पाहा, अळ्या आणि अंडी हातानेच वेचा. लावणीच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या कडेने मोहरीची एक ओळ पेरा. चौकोनी ठिपक्याचा पतंग मोहरीवर अंडी घालतो, मावाही तिकडेच वळतो. तरीही कीड दिसली, तर अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्याने गाळून एकूण दहा लिटर पाणी करा, थोडा साबणचुरा घाला आणि संध्याकाळी शिंपडा.

रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर टाकावीत आणि चार-पाच आठवड्यांनी दीड-दीड फुटावर लावावीत. गोल्डन एकर ही लवकर येणारी जात परसासाठी बरी. लावणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत किलो-सव्वाकिलोचा गड्डा मिळतो. दाबून घट्ट लागला की काढा. तसाच ठेवून एकदम भरपूर पाणी दिले, तर गड्डा फुटतो.

आता चुलीकडे वळू. कोबी आधी धुवावा, मग चिरावा. उकडून पाणी ओतून देऊ नये, त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व जाते. फार शिजवला तर उग्र वासही येतो आणि मुले ताट सरकवतात. आमच्या घरी सौभाग्यवती हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवतात. मोहरी, हिरवी मिरची, हळदीची फोडणी करून डाळ परततात, मग कोबी घालून झाकणावर पाणी ठेवतात. आतल्या वाफेवरच भाजी होते. सोबत ज्वारीची गरम भाकर असावी.

गड्डा कापताना खालची पाने बुंध्यावर राहू द्या. पाणी देत राहिलात तर तिथेच लहान-लहान गड्डे फुटतात, आणखी एक-दोन वेळची भाजी निघते. निंबोळ्या मात्र जून-जुलैतच वेचून, सावलीत वाळवून ठेवा. कोबीच्या दिवसांत झाडाखाली शोधून त्या मिळायच्या नाहीत.