चाल दाखवणारा आवाज

ॲलन पार्सन्स आणि एरिक वुल्फसन यांना मी कधी पाहिलं नाही, तरी माझ्या हातून जे काही बरं काम झालं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पुण्यात मी 27 वर्षं अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित केली. त्याच्या थोडं आधी, 1986 मध्ये, मामेभावानं 'आय इन द स्काय'ची कॅसेट हातात ठेवली. करणारे कोण, तर 'ॲलन पार्सन्स प्रोजेक्ट'. पार्सन्स मुळात ध्वनिमुद्रक. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चं मुद्रण त्यांनीच केलं होतं. वुल्फसन गाणी रचायचे, कीबोर्ड वाजवायचे. कार्यक्रमांचे दौरे न करता दोघं स्टुडिओत बसून एकेका विषयावर आख्खा अल्बम उभा करायचे. 1976 मध्ये एडगर ॲलन पो यांच्या कथा-कविता, 1977 मध्ये यंत्रमानव, मग पिरॅमिड. ठरलेला गायक नसे. गाण्याचा स्वभाव बघून गायक बोलावत. मीसुद्धा मग पुस्तक आधी वाचायला लागलो आणि नंतर त्याचा वाचक शोधायला लागलो.

पण खरं ऋण वुल्फसन यांचं. गायकांना चाल कळावी म्हणून ते स्वतः गाऊन ठेवत आणि गाणं दुसऱ्याच्या आवाजात मुद्रित होई. चार अल्बम असेच गेले. 1980 मधल्या 'टाइम' या गाण्यात ते पहिल्यांदा मुख्य गायक झाले. 'आय इन द स्काय' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणंही त्यांनीच गायलं आहे. किती साधा, जवळचा आवाज!

आमच्याकडे टायपिंग करणाऱ्या एक ताई होत्या. लेव्हल बघण्यापुरतं त्या पानभर वाचून देत, मग नावाजलेले वाचक माइकसमोर बसत. एका संध्याकाळी ताईंचं ते चाचणीचं वाचन पुसायला गेलो आणि हात थांबला. वुल्फसन आठवले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "ताई, हे पुस्तक तुम्हीच वाचा."

"अहो, मला कुठं जमतंय?"

जमलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी 60 हून जास्त पुस्तकं वाचली.

2009 च्या डिसेंबरात वुल्फसन गेले. ताईंनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्या आठवड्यात मी ती कॅसेट घेऊन त्यांच्या घरी गेलो, आणि आम्ही दोघांनी ती पूर्ण ऐकली.