कात्रणांच्या वहीविषयी

नेर, जि. यवतमाळ

चि. मुक्ता,

तुझे पत्र पोचले. हिवाळी सुटीत तुमच्या तिकडच्या परदेशी विद्यापीठातील विद्यार्थ्यांची एक तुकडी सदिच्छा-भेटीसाठी लाहोरला जाण्याच्या विचारात आहे, तीत तुझेही नाव आहे, त्या बातमीने तुझी आई धास्तावली आहे, आणि नेमक्या अशा वेळी तुला माझ्या वडिलांच्या कात्रणांच्या वहीची आठवण होऊन, तीत विनोबांच्या पाकिस्तानातील पदयात्रेच्या बातम्या इतक्या जपून का चिकटवल्या होत्या असे तू विचारतेस. या प्रश्नाचे उत्तर फोनवर उरकण्यासारखे नाही, म्हणून लिहावयास बसलो.

विनोबा म्हणजे आम्हा वऱ्हाड-वर्ध्याकडच्या लोकांना घरचेच माणूस. जन्म कोकणातील गागोद्याचा, परंतु कर्मभूमी पवनारची. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि जमीनदार रामचंद्र रेड्डींनी भर सभेत शंभर एकर देऊ केली, तेव्हापासून हा कृश देहाचा मनुष्य गावोगाव पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागत राहिला. 1962 च्या भाद्रपदाच्या सुमारास आसामातील यात्रा संपवून त्यांना पश्चिम बंगालकडे यावयाचे होते. नकाशा उघडून पाहा: आसाम आणि बंगाल यांच्या मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानचा मुलूख आडवा आलेला आहे. शहाणा मनुष्य त्याला वळसा घालून आला असता. विनोबांनी त्या देशातून चालत जाण्याची परवानगी मागितली, पाकिस्तान सरकारने ती मंजूर केली, आणि 5 सप्टेंबर 1962 रोजी सरहद्द ओलांडून ते सोळा दिवस रंगपूर आणि दिनाजपूर या जिल्ह्यांतून चालले. त्यांचा सदुसष्टावा वाढदिवस, 11 सप्टेंबर, याच प्रवासात परमुलखात उजाडला.

आता ज्या गोष्टीसाठी माझ्या वडिलांनी ती वही केली, ती ही. फाळणीला अवघी पंधरा वर्षे झालेली, दोन्ही बाजूंची निर्वासित माणसे अजून नीट स्थिरावलेली नव्हती, काश्मीरचा दावा संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी पडून होता. अशा वेळी प्रतिस्पर्धी राष्ट्रातून आलेला पाहुणा साधारणतः काय करील? तो बंधुभावावर व्याख्यान देईल, हार स्वीकारील, आपल्या देशाच्या सहिष्णुतेचे वर्णन करील आणि परत जाईल. विनोबांनी तेथेही तेच केले जे ते तेलंगणात, बिहारात आणि ओरिसात करीत आले होते: त्यांनी जमीन मागितली. ज्या भूमीच्या तुकड्यांसाठी दोन राष्ट्रे एकमेकांवर शस्त्र उगारून उभी होती, तीच भूमी, परक्या देशातल्या एका म्हाताऱ्याने, स्वतःसाठी नव्हे, आपल्या देशासाठीही नव्हे, तर देणाऱ्याच्याच शेजारी राहणाऱ्या त्याच्याच भूमिहीन गाववाल्यासाठी मागितली, आणि तेथील कास्तकारांनी ती दिली. मुक्ता, या घटनेचा मी आयुष्यभर विचार करीत आलो आहे. उपदेश करणारा ऐकणाऱ्याला खाली बसवतो. मागणारा मात्र समोरच्याला दात्याच्या आसनावर बसवतो. पाकिस्तानातील त्या शेतकऱ्याला भारतातून आलेल्या कुणी तोवर दाता मानले असेल असे मला वाटत नाही.

ही मागणी त्यांना शोभली, कारण तिच्यामागे तयारी होती. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले होते, आणि त्यातील निवडक वचनांचा ‘कुराण-सार’ हा ग्रंथ त्याच वर्षी सिद्ध झाला होता. तो पाहण्याआधीच पाकिस्तानातील वृत्तपत्रांत त्यावर टीका झाली. तरीही यात्रेला गर्दी लोटली, आणि ज्यांचे देव वेगळे व भाषा वेगळी अशी माणसे सामुदायिक मौन प्रार्थनेत एकत्र बसली.

याच काळात, आणि हे तुझ्या वयाशी अधिक जुळणारे आहे, सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे पंचविशीतले दोन तरुण 1 जून 1962 रोजी दिल्लीच्या राजघाटावरून अण्वस्त्रांच्या विरोधात पायी निघाले. विनोबांनी त्यांना सांगितले होते की पैसे बरोबर घेऊ नका. पैसा असला की प्रवासी खानावळीत जेवतो, भाड्याच्या खोलीत निजतो आणि कुणाच्याही उंबऱ्याशी न जाता देश ओलांडतो. पैसा नसला म्हणजे रोज संध्याकाळी कुणाचे तरी दार ठोठावावेच लागते. वाघा सरहद्दीवर मित्रमंडळींनी पाकिस्तानात खाण्यासाठी म्हणून शिदोऱ्या बांधून आणल्या, तेव्हा या शिदोऱ्या नव्हेत, अविश्वासाची पुडकी आहेत, अशा अर्थाचे बोलून त्यांनी त्या परत केल्या आणि रिकाम्या हातांनी पलीकडे पाऊल टाकले. पलीकडे, वृत्तपत्रात त्यांच्याविषयी वाचलेला एक लाहोरकर त्यांना आपल्या घरी न्यावयास आला होता. पुढे ते मॉस्को, पॅरिस आणि लंडन करीत वॉशिंग्टनपर्यंत पोचले.

मागणाऱ्याला नकारही येतो, हे सांगितल्यावाचून ही हकीकत खोटी पडेल. ज्या चीनच्या शुश्रूषेसाठी 1938 साली सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर गेले होते, त्याच चीनने विनोबांच्या यात्रेनंतर महिन्याभरात, 20 ऑक्टोबर 1962 रोजी, आपल्यावर आक्रमण केले. युद्धाची जखम ओली असताना 1 मार्च 1963 रोजी शंकरराव देव, ज्यांनी संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे नेतृत्व केले तेच, देशी-परदेशी सहकाऱ्यांसह दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा घेऊन पायी निघाले. वाटेत आपल्याच लोकांनी त्यांना देशद्रोही ठरवले, चीनने दार उघडले नाही, पूर्व पाकिस्ताननेही रस्ता दिला नाही, आणि ती यात्रा आसामातच थांबली. या पराभवाची कात्रणे वडिलांनी विनोबांच्या कात्रणांशेजारीच लावली आहेत. मला त्यात फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

अशा यात्रांनी काय साधले, असे तुझी आई विचारील. 1965 चे युद्ध टळले नाही, हे खरे. परंतु युद्ध टाळण्याचा अधिकार पादचाऱ्याकडे कधी नव्हताच. तो सरकारांकडे होता. आपल्या तालुक्यात धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, दावे तहसील कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तरी वादीच्या घरी मयत झाली तर प्रतिवादी खांदा द्यावयास जातो. दाव्याचा निकाल त्याने लागत नाही, पण गाव त्यानेच टिकते. रंगपूरच्या एखाद्या भूमिहीनाला जी जमीन मिळाली, तिच्यावरचे पीक कोणत्याही तहाची वाट न पाहता उगवले असेल, आणि मला तेवढे फळ पुरेसे वाटते.

आता तुझ्याविषयी. काळ कठीण आहे. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला निरपराध माणसे मारली गेली, त्यानंतर अटारीचे नाके बंद झाले, आणि भारतीय पारपत्रावर तुला परवाना मिळेलच असे मला वाटत नाही. आपल्या सरकारचा हुकूम मोडून काही करू नकोस. विनोबाही रीतसर परवानगी मागूनच गेले होते, आणि शंकरराव देवांना ती मिळाली नाही तेव्हा तेही सरहद्दीच्या अलीकडेच थांबले. पण अर्ज कर. जावयास मिळाले तर तेथे पहलगामविषयी मौन पाळू नकोस, विचारले तर आपले दुःख सांग. मात्र भाषण देऊ नकोस. घरांतल्या वडीलधाऱ्यांजवळ बस. अमृतसर-जालंधर सोडून आलेली कितीतरी कुटुंबे लाहोरात वसली आहेत. त्यांच्यापाशी त्या गावांच्या आठवणी माग. नाही मिळाले, तर ज्या लाहोरच्या मैत्रिणीने तुला बोलावले, तिच्यापाशी तुमच्या वसतिगृहातच तेच माग.

तुझ्या आईशी मी बोलेन. परवान्याचा निकाल काय लागतो तो, होकार असो वा नकार, मला लगेच कळव.

तुझा,
आजोबा