धूर, वास आणि भीड

मनुष्याची पिढी ओळखावयाची असेल तर त्याला वय विचारू नये. लहानपणी तो कोणत्या पाण्याने न्हाला एवढेच विचारावे. बंबाच्या पाण्याने न्हालेला माणूस आमच्या पिढीचा. ज्याने बंब केवळ दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, चिंचेने घासून लखलखीत केलेला आणि शोभेसाठी मांडलेला असा पाहिला, तो आमच्या कन्येच्या पिढीचा. आमच्या कसब्यातील वाड्यात तांबट आळीतून आणलेला असा एक बंब होता. मध्ये उभे नळकांडे, त्यात विस्तव, भोवती पाणी आणि खाली पितळी तोटी. यंत्रशास्त्र म्हणून त्यात एवढेच. करवंट्या, लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, जुनी रद्दी, जे द्यावे ते तो मुकाट्याने खाई. परंतु त्याच्या अंगी एक मोठा गुण होता, आणि तो आमच्या ध्यानात यावयास पन्नाशी उलटावी लागली. आपल्या पोटात काय चालले आहे ते तो कोणापासून लपवीत नसे. जळण ओले असले की न्हाणीघर धुराने भरून जाई, डोळ्यांना धारा लागत, आणि स्वयंपाकघरातून आजी ओरडे, “अरे, दार उघडा आधी!” दार उघडले जाई. त्यासाठी कोणाला रसायनशास्त्र शिकावे लागत नसे.

तो वाडा पुनर्विकासासाठी बिल्डरच्या स्वाधीन करून २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही धायरीस भाड्याच्या घरात राहावयास आलो. पेठेतल्या माणसास धायरी म्हणजे पूर्वी सिंहगडाच्या वाटेवरचे एक गाव आणि धारेश्वराचे देऊळ एवढेच ठाऊक असे. २०१७ साली ते महापालिकेच्या हद्दीत आले, आणि आता धायरी फाट्यावरून आत वळले की इमारतींच्या रांगांमधून सिंहगड शोधावा लागतो. घर तिसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर, शेजार चांगला. कराराच्या परिशिष्टात घरातील वस्तूंची यादी होती: पंखे चार, दिवे सहा, गीझर एक, ‘चालू स्थितीत’. हा गीझर गॅसवर चालणारा होता. तो न्हाणीघरात भिंतीवर. सिलिंडर बाहेर ड्राय बाल्कनीत. आणि भिंतीतील भोकातून गेलेली एक रबरी नळी त्या दोघांचे नाते सांभाळीत असे. गीझरचे वय किती, हे यादीत नव्हते; आणि आम्हीही विचारले नाही. नवऱ्या मुलीचे वय विचारणारा आमचा समाज यंत्राचे वय विचारावयास लाजतो.

येथे थोडे कायद्याविषयी सांगितले पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या १४ व्या कलमाने, उलट करार नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचा भार मालकावर घातला आहे. परंतु तो लाभ भाडेकरूला. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा आमच्यासारखा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच नव्हे. त्याला तेथे राहण्याची अनुज्ञा तेवढी मिळालेली असते, आणि त्याचे हक्क बहुतेक कराराच्या कागदावर अवलंबून. आता त्या कागदाप्रमाणे गीझर मालकांचा. सिलिंडर आमच्या नावावरचे, म्हणून आमचे. मग दोहोंना जोडणारी नळी कोणाची? ह्या प्रश्नाचे उत्तर कोठेच लिहिलेले नव्हते, आणि जी वस्तू कोणाचीच नसते तिच्याकडे कोणीच पाहत नाही. अशा नळीचे आयुष्य पाच वर्षांचे धरतात आणि तिच्या अंगावर तारीख छापलेली असते. आमच्या नळीवरची तारीख पुसून गेली होती.

ऑक्टोबरात एके सकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, “बाल्कनीत गॅसचा वास येतो आहे. मालकांना सांगा.”

हा वास म्हणजे काय, हे बहुतेकांस ठाऊक नसते. सिलिंडरातील गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नाही. त्यात मर्कॅप्टन नावाचे एक दुर्गंधी द्रव्य अगदी अल्प प्रमाणात मुद्दाम मिसळतात, यासाठी की गळती नाकाला कळावी. ही शहाणीव जगाने फार महाग विकत घेतली. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेच्या टेक्सास संस्थानात न्यू लंडन नामक गावी एका शाळेच्या तळघरात वासरहित नैसर्गिक वायू साठत गेला, आणि एका ठिणगीसरशी झालेल्या स्फोटात मुले व शिक्षक मिळून तीनशेच्या घरात जीव गेले. त्यानंतर गॅसला वास देण्याची सक्ती तेथे झाली. तेव्हा आपल्या बाल्कनीतील तो सडक्या कोबीसारखा दर्प ही त्या मुलांनी आपल्यासाठी मागे ठेवलेली हाक आहे म्हणावयास हरकत नाही. आमच्या सिलिंडरातील प्रोपेन-ब्युटेनचे मिश्रण हवेपेक्षा जड. ते वर जात नाही, जमिनीलगत पसरते. म्हणून वरचा झरोका उघडा आहे एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. दारे-खिडक्या सताड उघडाव्या लागतात, रेग्युलेटर बंद करावा लागतो, आणि दिव्याच्या बटणास, चालू वा बंद करण्यासाठीही, हात लावावयाचा नसतो. गळतीची तक्रार देण्यासाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

हे सारे आम्हांस माहीत होते. तरी आम्ही मालकांस सांगितले नाही. नळीच्या तोंडावरची पट्टी पेचकसाने आवळली, वास थोडा कमी झाला, आणि आम्ही सौभाग्यवतींस म्हणालो, “सांगू सावकाश.” खरे कारण निराळे होते. ३१ जानेवारीस कराराची मुदत संपावयाची होती. वाड्याच्या जागी इमारत उभी राहावयास दोन वर्षे तरी लागणार. अशा वेळी ‘हे नादुरुस्त, ते बदला’ म्हणणारा माणूस मालकांस कटकट्या वाटेल, भाडे वाढेल, किंवा ‘दुसरी जागा पाहा’ असे गोड शब्दांत ऐकावे लागेल, अशी भीती मनात होती. तिला आम्ही सभ्यतेचे नाव दिले. भीड भिकेची बहीण, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आपल्या घरी आलेली भीड आपल्याला नेहमी सुसंस्कृतपणासारखी दिसते.

डिसेंबरात थंडी वाढली. न्हाणीघराच्या झरोक्यातून वारा येई आणि सायंकाळी डास येत. एका रविवारी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे खोके कापून त्याचा पुठ्ठा आम्ही त्या झरोक्यावर चिकटपट्टीने बसविला. काम सुबक झाले. सर्वांनी वाखाणले.

त्यानंतर घरात डोकेदुखी सुरू झाली. ती आम्हांस नव्हती. स्नानाचा पहिला मान घरच्या कर्त्याचा, या जुन्या रिवाजाने आम्ही पहाटे प्रथम स्नान करीत असू. मग सौभाग्यवती, आणि शेवटी कन्या. सौभाग्यवतींचे डोके सकाळी जड असे व दुपारी उतरे. ते पित्तावर गेले. कन्येस मळमळ होई. तो दोष जागरणावर गेला. पुढे २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड, धायरी ह्या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमची साथ आली आणि पाणी उकळून प्या असे जो तो सांगू लागला. तेव्हा उरलासुरला आळ पाण्यावर गेला. घरात शेगडीवर पातेली रात्रंदिवस खदखदू लागली. पाण्याला आम्ही इतके भ्यालो की हवेचा संशय कोणास आलाच नाही.

२६ जानेवारीस रविवार होता. महाविद्यालयातील झेंडावंदन आटोपून आम्ही नऊच्या सुमारास घरी आलो. सौभाग्यवती दारातच म्हणाल्या, “केव्हाची न्हाणीघरात आहे. हाक मारली तर ओ देत नाही.” आत पाणी पडत होते. त्याचा आवाज मात्र एकसारखा येत होता. अंगावर पाणी घेणाऱ्या माणसाच्या हालचालीने तो जसा मोडतो, तसा मोडत नव्हता. तो आवाज आम्ही आजही विसरलो नाही. शेजारचे गृहस्थ धावून आले; दोघांनी खांद्याने कडी उखडली. सौभाग्यवती चादर घेऊन आत गेल्या. मुलगी भिंतीला टेकून खाली बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले. तिला उचलून बाल्कनीत आणले. काही क्षणांनी तिने मान हलविली आणि विचारले, “बाबा, झेंडावंदन झाले?”

रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी नाडी पाहण्याआधी पहिला प्रश्न केला, “घरी गॅसचा गीझर आहे का?” आम्ही होय म्हणताच त्यांनी प्राणवायूची नळी लावली. अशा रोग्यांचे अनुभव आपल्याकडील मज्जातंतुतज्ज्ञांना इतके आले आहेत की त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच पडले आहे, हे आम्हांस त्या दिवशी कळले. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आवडीने त्याला धरून ठेवते. म्हणजे श्वास चालू असतो आणि माणूस गुदमरत असतो. गळणाऱ्या गॅसला माणसाने वास दिला; ह्या धुरास कोण देणार? तो पेटलेल्या ज्योतीपाशीच जन्मतो. इंग्लंडातील खाणीत हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून कॅनरी पक्षी नेत, आणि ही प्रथा १९८६ पर्यंत चालली. पक्षी कोलमडला की माणसांनी बाहेर पळावे. आमच्या घरी कॅनरीचे काम कोणाकडे आले होते, हे ध्यानात येताच आम्हांस त्या बाकावर बसवेना.

आणखी एक गोष्ट कबूल करावयाची आहे. वर्गात वास्तववादी कादंबरीविषयी बोलताना आम्ही एमिल झोलाचे नाव दरवर्षी घेतो, आणि १९०२ साली पॅरिसमध्ये शयनगृहाच्या धुराड्याची वाट अडल्यामुळे हाच वायू कोंडून तो कसा मेला, हेही दरवर्षी सांगतो. मुले टिपून घेतात. वीस-पंचवीस वर्षे ही गोष्ट सांगणाऱ्या माणसाने आपल्याच घराची वाट उत्तरपत्रिकांच्या पुठ्ठ्याने अडविली!

कारण ते पुठ्ठ्याचे प्रकरण दुसऱ्या दिवशी उघडकीस आले. दुरुस्तीस आलेल्या कारागिराने गीझरचे झाकण काढले. आत काजळी धरलेली, बर्नरची छिद्रे बुजत आलेली. त्याने क्षणभर पेटवून दाखविले. निळी असावयाची ज्योत पिवळी, लांबट होती. नळी त्याने वाकविताच तिला भेगा दिसल्या. मग वर पाहून तो म्हणाला, “सर, हे बुजवलं कोणी? हवा यायची कुठून?” तोवर आम्ही मनातल्या मनात मालकांवर एक कडक भाषण तयार करीत होतो. ते तेथेच थांबले. जुना गीझर मालकांचा, कुजकी नळी कोणाचीच नव्हे, परंतु पुठ्ठा निःसंशय आमचा होता.

त्याच संध्याकाळी आम्ही मालकांस फोन केला. हकीकत ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “अहो सर, मला एक शब्द तर सांगायचात! आधीच्या लोकांनी काही म्हटलं नाही, तुम्हीही नाही. मला वाटलं ठीक चाललंय.” तिसऱ्या दिवशी त्यांनी विजेचा गीझर बसवून दिला. करार रीतसर पुढे वाढला. भाडेही दरसाल वाढते तेवढेच वाढले. ज्या संभाषणाला आम्ही चार महिने भीत होतो ते चार मिनिटांत संपले होते. सगळेच मालक असे नसतात, हे आम्ही जाणतो. पण ह्या मालकांस आम्ही विचारूनच पाहिले नव्हते.

कन्या बरी आहे. मध्यंतरी काही आठवडे तिला विसरावयास होई, ते आता थांबले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती स्वयंपाकघरातील नळीच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून फुगे येतात का ते पाहते, आणि आम्ही शेजारी भांडे धरून उभे राहतो. नव्या नळीवरची तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवली आहे. वाड्यातून आणलेला बंब बैठकीत उभा आहे. परवा पाहुण्यांनी त्याचे कौतुक केले, तेव्हा आम्ही म्हणालो, “फार धूर करीत असे.” सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “म्हणून तर दार उघडायचो!”